क्षेत्रकार्याच्या वहीत न्याय कुठे लिहायचा?

समाजकार्याच्या शिक्षणात सामाजिक न्यायाला स्थान असावे, याबद्दल आता कोणाचेच दुमत उरलेले नाही. समाजकार्याची जी जागतिक व्याख्या २०१४ साली मेलबर्न येथे स्वीकारली गेली, तिच्यात सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वे केंद्रस्थानी मानलेली आहेत, आणि ती व्याख्या आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात तोंडपाठ झालेली असते. महाराष्ट्रातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचे अनुदान तर सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडूनच येते. म्हणजे आमच्या पगारबिलावरही न्यायाचा शिक्का आहे. अडचण आहे ती क्षेत्रकार्याच्या, म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्ष लोकांत जाऊन जे काम करतात त्याच्या, वहीची. खानदेशात पर्यवेक्षक म्हणून काम करताना ज्या वह्या माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बहुतेकींमध्ये ‘समुपदेशन केले’, ‘जनजागृती केली’ आणि ‘मार्गदर्शन केले’ या तीन वाक्यांवर सगळा कारभार चाललेला असतो. सामाजिक न्यायाच्या पेपरात पहिल्या वर्गाचे गुण मिळवणाऱ्याच्या वहीतही तीच तीन वाक्ये असतात. म्हणून माझे मत असे झाले आहे की, न्यायाचा आणखी एक पेपर वाढवून फारसे काही साधणार नाही. आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी जिथे जातो तिथे तो काय विचारतो, काय टिपतो आणि त्या टिपणाचा पुढे पाठपुरावा होतो की नाही, यावरच सारे अवलंबून आहे.

नंदुरबारच्या मिरची पथारीचे उदाहरण घेऊ. बाहेरच्या माणसाला पथारी फोटोपुरती ठाऊक असते: मोकळ्या रानात नजर पोचेल तिथपर्यंत वाळत घातलेली लाल मिरची आणि तिच्यात बसलेल्या बायका. त्या बायका दिवसभर देठ खुडतात, मिरची उलथतात, डागी माल वेगळा काढतात. बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही. तेथे गटकार्य करणाऱ्या विद्यार्थिनींनी जो आराखडा आणला होता, त्यात वैयक्तिक स्वच्छता, हात धुण्याची पद्धत, तोंडाला रुमाल बांधण्याचे महत्त्व आणि बचतीची सवय असे विषय होते. विषय वाईट नव्हते, परंतु त्या सगळ्यांचा रोख एकाच बाजूला होता, की बदलायचे ते या बायकांनी. आयसीच्या वेळी, म्हणजे विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांच्या वैयक्तिक बैठकीत, मी एवढेच विचारले की मजुरी कशावर ठरते, काटा कोणाचा असतो आणि नोंद कोण ठेवतो. पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनी उत्तरे घेऊन आल्या: मजुरी वजनावर, काटा मालकाचा, पोत्याचे वजन वजा धरायचे की नाही हे मापाड्याच्या मर्जीवर, आणि नोंद मालकाच्या मुनिमाकडे. बायकांकडे स्वतःची अशी एकही नोंद नव्हती.

त्यानंतर गटाचे काम बदलले. शंभर पानी वही आणली गेली, सातवी शिकलेल्या एका सुनेकडे ती सोपवली गेली आणि रोज संध्याकाळी कोणी किती मिरची खुडली, किती वजन धरले गेले, हातात किती पैसे पडले हे तीन रकान्यांत उतरू लागले. त्या हंगामात दर वाढला नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पोत्याच्या वजनाचा वाद मात्र मिटला, कारण त्याबद्दल बोलायला आता कागद होता. किमान वेतनाचे तत्त्व या देशात १९४८ सालच्या कायद्याने आले, आणि किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या कलम २३ खालील सक्तीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली म्हटले. हा निकाल विद्यार्थिनींना वर्गात शिकवलेलाच होता, परंतु त्या तीन रकान्यांची बेरीज करताना तो त्यांना पहिल्यांदा उपयोगाचा वाटला असावा.

आमच्या शिक्षणाचा रोख माणसाच्या वागण्याकडे इतका का झुकतो, याला इतिहास आहे. भारतात समाजकार्याचे औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. नागपाड्यात वस्तीकाम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्या संस्थेचे पहिले संचालक, आणि तीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकेतून आला आणि त्याबरोबर व्यक्तिसहाय्य कार्याचे, म्हणजे एकेका व्यक्तीची अडचण घेऊन काम करण्याच्या पद्धतीचे, अग्रस्थानही आले. समाजकार्याचा इतिहास शिकवताना आजही आम्ही इंग्लंडच्या १६०१ सालच्या दरिद्री कायद्यापासून सुरुवात करतो. पुण्यात १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज, १९०२ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी दिलेले पन्नास टक्के आरक्षण आणि १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह ‘समाजसुधारकांचे योगदान’ या मथळ्याखाली एका घटकात उरकतो. पहिल्या घटकाला व्यवसायाचा इतिहास म्हणायचे आणि दुसऱ्याला प्रेरणा, ही विभागणी मला मान्य नाही. महाडला झाली ती सामाजिक कृती नव्हती, तर मग समाजकार्याच्या सहा पद्धतींपैकी त्या नावाची पद्धत आम्ही शिकवतो तरी कशाला?

खानदेशातल्या शिक्षकाला यासाठी महाडपर्यंतही जावे लागत नाही. शहाद्याचा इतिहास दाराशी आहे. १९७० नंतरच्या काळात शहादे आणि तळोदे तालुक्यांत भिल्ल शेतमजुरांचे आणि सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे, जे आंदोलन उभे राहिले, ते समजून घेतल्याशिवाय या भागातून कोणी समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडू नये असे मला वाटते. ज्यांच्या जमिनी सावकारीत आणि कागदाच्या खेळात गेल्या होत्या, तेच लोक त्याच जमिनींवर सालाने राबत होते. पीक संरक्षणाच्या नावाखाली ठेवलेल्या राखणदारांचा धाक वेगळाच. अंबरसिंग महाराज हे त्याच समाजातून पुढे आलेले कार्यकर्ते, भजनाची आणि सर्वोदयाची पार्श्वभूमी असलेले. बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते त्यांच्याबरोबर उभे राहिले आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. जमीन परत मिळावी, सालदाराला ठरलेली मजुरी मिळावी आणि दुष्काळात कामे निघावीत, या मागण्या गावागावांतून पुढे आल्या. अंबरसिंग महाराज १९७४ साली गेले. त्याच सुमारास आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हा स्वतंत्र आणि कटू विषय आहे.

या आंदोलनातला मला सर्वांत शिकवण्यासारखा वाटणारा भाग म्हणजे दारूचा. शिबिरांसाठी एकत्र आलेल्या बायका नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलू लागल्या, मारहाणीचा धागा दारूशी जुळला, आणि मग त्या गटागटाने गुत्त्यांवर गेल्या व मडकी फोडून आल्या. हाच प्रसंग आजच्या विद्यार्थ्याच्या वहीत आला, तर तो ‘मद्यपी व्यक्ती’ अशा शीर्षकाखाली येतो: सेवार्थीचे (ज्याला मदत द्यायची त्याचे) नाव, वय, समस्येचे स्वरूप, निदान, उपचार योजना, समुपदेशनाची सत्रे. नवऱ्याशी बोलू नये, व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखवू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्या कुटुंबाला ती मदत हवीच असते. परंतु गुत्ता कोणाचा, तो कोणाच्या आशीर्वादाने चालतो, मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने तर दिला जात नाही ना, आणि गल्लीतल्या आणखी किती घरांत हेच चालले आहे, हे प्रश्न ज्या वहीत नाहीत ती वही अर्धीच भरली आहे असे समजावे.

वनहक्काच्या दाव्यांवर काम करताना हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाचा चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य होऊ शकतो. दावा ग्रामसभेकडे करायचा, वनहक्क समितीने पडताळायचा, आणि तेथून तो उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जायचा. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा दावा ‘पुरावा अपुरा’ एवढ्या दोन शब्दांत फेटाळला गेला होता. आमचा जो विद्यार्थी तेथे जात होता तो स्वतः पावरा समाजातला, बोलीची अडचण नसलेला. त्याने या कायद्याखालच्या नियमांतला नियम तेरा वाचला. त्यात पुराव्यांच्या प्रकारांत सरकारी कागदांबरोबरच घर, विहीर, बांध, दफनभूमी यांसारख्या जागेवरच्या खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन हेही येते. दाव्यासोबत असे किमान दोन पुरावे लागतात. म्हणजे ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी कायद्याने वाट ठेवली होती, ती कोणी चाललेच नव्हते.

ते निवेदन लिहिण्याची दुपार मी पाहिली आहे. निवेदन देणाऱ्या म्हाताऱ्याला सन ठाऊक नव्हते. ‘केव्हापासून कसता’ या प्रश्नाला तो ‘लई दिवस’ यापलीकडे जाईना. मग विद्यार्थ्याने प्रश्नाची चाल बदलली. मोठा दुष्काळ पडला तेव्हा हे शेत होते का? होते, त्याच वर्षी बापाने वरची झुडपे काढून खालच्या अंगाला दगडांची ताल (बांध) घातली, कारण खडीच्या कामावर गेलेल्यांना तेथे ताल घालणे शिकायला मिळाले होते. तेव्हा तू केवढा होतास? बैल हाकण्याएवढा. बांधावरचा महू (मोहाचे झाड) कोणी राखला? आजाने. प्रत्येक उत्तर पावरीत, देवनागरीत जसेच्या तसे, आणि खाली त्याचे मराठी. १९७२ चा दुष्काळ अशा रीतीने पुराव्यात आला. दगडांच्या तालीचे आणि महूच्या बुंध्याचे मोजमाप वनहक्क समितीने पंचनाम्यात घेतले. दावा फेटाळताना कारणे लेखी कळवली पाहिजेत, आणि निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, हेही याच नियमांत आहे. मुळात कारण नीट कळवलेच गेले नव्हते, हा मुद्दा अर्जात पहिला आला. प्रकरण अजून जिल्हा पातळीवर आहे. व्यक्तिसहाय्य, समुदाय संघटन आणि सामाजिक कृती या तीन पद्धती आम्ही वेगवेगळ्या पेपरांत शिकवतो, परंतु त्या दुपारी त्यांच्यात कोठे रेघ मारावी हे मला सांगता आले नसते.

पावतीचा विषय त्यामानाने किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. शिरपूरकडच्या एका गावात रोजगार हमीच्या कामाची मागणी केलेल्या मजुराने आमच्या मुलांना सांगितले, “अर्ज दिधा भो, पन पावती नही भेटनी.” तारखेची पावती नसेल तर मागणी कोणत्या दिवशी केली हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध झाले नाही तर मुदतीत काम न मिळाल्याबद्दलचा बेकारी भत्ताही मागता येत नाही. ज्या राज्याने १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा केला त्या राज्यातली ही गोष्ट आहे. मी आता प्रत्येक गटाला सांगतो की ‘योजनांची माहिती दिली’ असे लिहिण्याआधी कोणाला कोणती पावती मिळवून दिली ते लिहा.

कुपोषणाच्या कामात हेच वेगळ्या तऱ्हेने घडते. अंगणवाडीत दंडघेराची पट्टी लावली जाते. सहा महिन्यांवरच्या आणि पाच वर्षांखालच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते, आणि ते मूल अतितीव्र कुपोषित म्हणून नोंदले जाते. विद्यार्थी मातांच्या बैठका घेतात, पाककृतींची प्रात्यक्षिके करतात, अहवालात फोटो लावतात. इकडे दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगावकडचे पाडेच्या पाडे रिकामे होऊ लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरात येऊन संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता गुजरातच्या नाहीतर पश्चिम महाराष्ट्राच्या उसात जातो. मूल फडाच्या कडेला. होळीला माणसे परत येतात तेव्हा तेच मूल पुन्हा मोजले जाते आणि पुन्हा मातांची बैठक होते. आईला आहाराचे ज्ञान नाही असा निष्कर्ष ज्या अहवालात निघतो, त्या अहवालात उचलीची रक्कम आणि स्थलांतराचे महिने यांचा रकानाच नसतो. अंगणवाडी सेविकेला हे सगळे ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही. आमच्या काही विद्यार्थ्यांनी गावाच्या यादीसमोर कोण कोठे गेले, कोणत्या मुकादमाबरोबर गेले आणि मूल तेथल्या अंगणवाडीत नोंदले गेले का, अशी साधी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

आता थोडे आमच्या स्वतःच्या घराबद्दल. आमच्या वर्गात पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी बोलणारी मुले एकत्र बसतात आणि अहवाल मात्र पुस्तकी मराठीतच लिहावा लागतो. पाड्यावर जाऊन तासभर सहज बोलणारा मुलगा वर्गातल्या सादरीकरणात अडखळतो, आणि गुण सादरीकरणाला असतात. क्षेत्रकार्यासाठी कोणाला कोठे पाठवले जाते, हेही एकदा तपासून पाहण्यासारखे आहे: आदिवासी मुलांना ‘तुम्हाला तिथली सवय आहे’ म्हणून डोंगरात, आणि बोलण्यात सफाई असलेल्यांना कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात किंवा शहरातल्या रुग्णालयात. पुढच्या नोकऱ्या कोणाला लागतात ते मग वेगळे सांगायला नको. बसभाड्याचा खर्च, रखडलेली शिष्यवृत्ती आणि मुलींच्या बाबतीत शेवटच्या एसटीची वेळ या गोष्टी आम्ही ‘वैयक्तिक अडचणी’ या सदरात टाकतो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावची मुलगी गैरहजर, आणि हजेरीचा नियम सर्वांना सारखा. विद्यार्थ्याने मूळ निवेदन बोलीभाषेत जोडले तर त्याला स्वतंत्र गुण असावेत आणि क्षेत्रकार्याच्या जागा आळीपाळीने मिळाव्यात, या दोन बदलांसाठी मी अभ्यास मंडळातल्या सहकाऱ्यांकडे आग्रह धरला आहे. पहिल्याला विरोध झाला नाही. दुसऱ्यावर चर्चा लांबते आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे लोक समंजस असतात. ते म्हणतात की विद्यार्थी शिकायला आलेला आहे, त्याला संघर्षात ढकलू नये. ज्या संस्थेने क्षेत्रकार्याला जागा दिली तिलाही तहसीलदाराशी आणि देणगीदाराशी संबंध राखायचे असतात. यातला दुसरा भाग खरा आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थांकडून लहान संस्थांकडे तो पैसा वळता करण्याची वाट बंद झाली, आणि ग्रामीण भागातल्या अनेक लहान संस्था अधिकच जपून वागू लागल्या. पहिल्या भागाशी मात्र मी सहमत नाही. पावती मागणे, नियम वाचून दाखवणे, नोंद ठेवणे आणि मुदतीत अपील करणे हा संघर्ष असेल, तर तो कायद्यानेच नेमून दिलेला आहे. मेधा पाटकर यांचे शिक्षण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतले, समाजकार्याचेच. मणिबेलीसारख्या बुडणाऱ्या गावांत उभे राहिलेले काम, आणि पुढे तेथल्या मुलांसाठी निघालेल्या जीवनशाळा, हे आमच्या अभ्यासक्रमाच्या बाहेरचे कसे ठरतात? सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली तेहतीस गावे बाधित झाली आणि ती सगळी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात आहेत. पुनर्वसन हा घटक शिकवताना आम्ही भलत्याच देशांची उदाहरणे देतो.

आक्षेपाचा खरा कस लागतो तो पदवीनंतर. आमची बहुतेक मुले अकरा महिन्यांच्या करारावर लागतात: कधी शासनाच्या एखाद्या अभियानात, कधी बाल संरक्षणात, कधी खासगी संस्थेच्या प्रकल्पात. मानधन दोन-तीन महिने थांबते, प्रवासभत्ता मिळत नाही, आणि वरिष्ठाने मोजलेले लक्ष्य पूर्ण झाले नाही तर करार वाढत नाही. मजुराला किमान वेतन समजावून सांगणारी मुलगी स्वतः किती मानधनावर सही करते, हे विचारायला आम्हाला संकोच वाटतो. म्हणून शेवटच्या सत्रात मी एक तास नियुक्तीपत्राच्या वाचनाला देऊ लागलो आहे. आधीच्या तुकडीतल्या मुलांकडून नावे खोडलेली पत्रे मागवतो आणि वर्ग ती ओळीने वाचतो: कामाचे तास, रजा, भविष्य निर्वाह निधी, करार संपवण्याची सूचना, आणि तक्रार कोठे करायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ सालच्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे त्या तासात बऱ्याच मुलींना प्रथमच समजते. गेल्या खेपेला एका मुलाने विचारले की, सर, या पत्रावर नियुक्तीची तारीख आहे पण जावक क्रमांक नाही, तर हे चालेल का? मी त्याला संस्थेकडून क्रमांक घालून घ्यायला सांगितले, आणि ज्या मुलीचे ते पत्र होते तिने तसा अर्ज केला आहे.